हाडं ठिसूळ होताना कळत नाही: ऑस्टिओपोरोसिस समजून घेण्यासाठी पहिल्या पायऱ्या

ऑस्टिओपोरोसिस दुखत नाही. गुडघे दुखतात, सकाळी बोटांचे सांधे आखडतात, टाच ठणकते, आणि आपण म्हणतो की हाडं ठिसूळ झाली असतील. पण ही दुखणी बहुतेक वेळा सांध्यांची किंवा स्नायूंची असतात. हाडाची घनता कमी होत जाते तेव्हा माणसाला काहीच जाणवत नाही, वर्षानुवर्षं जाणवत नाही. कळतं ते थेट हाड मोडल्यावर. आणि मोडण्याचं कारणही अगदी किरकोळ असतं: पाय घसरून हातावर पडणं, वाकून भरलेली बादली उचलणं, कधी नुसता जोराचा खोकला.

कुणाला डॉक्टरांनी नुकतीच ‘डेक्सा’, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या अशी चिठ्ठी दिली असेल, कुणाच्या आईच्या मनगटाचं प्लास्टर निघालं असेल आणि पुढे काय करायचं हे कुणी सांगितलं नसेल, अशांसाठी हे लिहितो आहे. यातलं एकच लक्षात राहिलं तरी चालेल: पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, तर ‘पडल्यामुळे मोडलं’ एवढ्यावर थांबू नका. निरोगी हाड तेवढ्यानं मोडत नाही. हाड जुळवणारे डॉक्टर हाड जुळवतात आणि रुग्ण घरी जातो. ते मोडलंच का, हा प्रश्न मात्र फार वेळा विचारलाच जात नाही. पुढचं हाड मोडण्याचा धोका पहिल्या मोडीनंतरच्या दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो, म्हणून तो प्रश्न तेव्हाच विचारायचा असतो.

आधी हाड म्हणजे काय ते

हाड जिवंत असतं. त्यात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात आणि जन्मभर हाडाची डागडुजी चालू असते, रस्त्याच्या कामासारखी: एक टोळी खराब झालेला भाग खोदून काढते, मागून दुसरी टोळी येऊन तो भरते. खोदणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, भरणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी असा नव्यानं घडतो. तरुणपणी भरणं खोदण्याच्या बरोबरीनं किंवा थोडं जास्त चालतं, आणि विशीच्या अखेरीपर्यंत हाडांचं वजन आयुष्यातल्या कमाल पातळीला पोचतं. पुढे हळूहळू भरणं मागे पडू लागतं.

स्त्रियांमध्ये पाळी जाण्याच्या सुमारास हा तोल एकदम बिघडतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक खोदणाऱ्या पेशींना आवर घालत असतं. ते कमी झालं की तो आवर सुटतो आणि पुढची पाच-सात वर्षं हाड झपाट्यानं कमी होतं. पाळी जाणं आणि हाडं ठिसूळ होणं यांचा संबंध फुलर ऑलब्राइट या अमेरिकन डॉक्टरांनी १९४१ मध्ये दाखवून दिला. पुरुषांमध्ये असा अचानक उतार नसतो, म्हणून त्यांचं दुखणं उशिरा येतं. पण येतं. पन्नाशीनंतरच्या उरलेल्या आयुष्यात साधारण दर तीन स्त्रियांपैकी एकीचं आणि दर पाच पुरुषांपैकी एकाचं हाड ठिसूळपणामुळे मोडतं. ‘हा बायकांचा आजार’ असं म्हणून पुरुषांकडे होणारं दुर्लक्ष मला फार खटकतं, कारण खुबा मोडल्यानंतर पहिल्या वर्षात दगावण्याचं प्रमाण पुरुषांमध्ये जास्त असतं.

हाडाचे दोन भाग असतात. बाहेरचं कवच घट्ट असतं, आत जाळीदार हाड असतं. जाळीदार भागात डागडुजी जास्त वेगानं चालते, म्हणून नुकसानही तिथे आधी होतं. पाठीचे मणके, मनगट आणि खुब्याजवळची मांडीच्या हाडाची मान इथे जाळीदार हाड भरपूर असतं. या आजारात हीच तीन ठिकाणं पुन्हा पुन्हा का मोडतात, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

पायरी १: आपण कुठे आहोत ते पाहा

कागद घ्या आणि लिहून काढा. वय. पन्नाशीनंतर मोडलेलं कुठलंही हाड. आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का. पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली का, किंवा शस्त्रक्रियेत अंडाशय काढले का. वजन उंचीच्या मानानं फार कमी आहे का. सिगारेट, तंबाखू, दारू.

आता औषधं. सगळ्यात आधी स्टेरॉइड. दम्यासाठी, आमवातासाठी, त्वचेच्या आजारासाठी प्रेडनिसोलोनसारखी गोळी तीन महिन्यांपेक्षा जास्त घेतली असेल तर ते ठळक अक्षरांत लिहा. स्टेरॉइडमुळे हाड सर्वांत वेगानं कमी होतं ते पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, म्हणजे ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणण्याइतका वेळ हातात नसतो. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त डोसमध्ये चालू असणं, फिट्सवरची काही औषधं, स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगात संप्रेरकं दाबणारी औषधं, वर्षानुवर्षं चालणाऱ्या ॲसिडिटीच्या गोळ्या, हे सगळं त्या कागदावर हवं. मधुमेह, आमवात, थायरॉइड वाढलेलं असणं, मूत्रपिंडाचा जुना आजार, गव्हातलं ग्लुटेन न चालणारा सिलिॲक आजार यांचाही हाडांशी संबंध आहे.

मग भिंतीशी जा. टाचा आणि पाठ भिंतीला लावून, नजर समोर ठेवून सरळ उभे राहा. डोक्याची मागची बाजू हनुवटी वर न करता सहज भिंतीला टेकायला हवी. टेकत नसेल तर मणक्याच्या वरच्या भागाला बाक आलेला असू शकतो. त्याच वेळी उंचीही मोजून घ्या. तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घट झाली असेल, तर एखादा मणका दबून मोडला असण्याची शंका घ्यायला हवी. मोडलेल्या मणक्यांपैकी जवळपास दोनतृतीयांश मणके कुणाच्या ध्यानातच येत नाहीत. पाठ थोडे दिवस दुखते, ‘लचक भरली’ म्हणून शेक घेतला जातो, दुखणं ओसरतं. पण उंची परत येत नाही. कपडे पुढून लांब आणि मागून आखूड बसायला लागणं, पोट पुढे आल्यासारखं वाटणं ही त्याचीच चिन्हं असतात.

ही सगळी माहिती एकत्र मोजण्यासाठी फ्रॅक्स नावाचं साधन आहे. ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठात ते तयार झालं आणि २००८ पासून वापरात आहे. ४० ते ९० वर्षांच्या माणसाचं पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती टक्के, हे त्यात निघतं. ते तुमच्या डॉक्टरांसोबत बसून भरा. आकड्यापेक्षा त्यावरची चर्चा जास्त उपयोगी पडते.

पायरी २: डेक्सा, आणि रिपोर्ट नीट वाचणं

डेक्सा म्हणजे अगदी कमी क्षमतेचे क्ष-किरण वापरून हाडातल्या खनिजांची घनता मोजणारी तपासणी. किरणांचं प्रमाण छातीच्या एका साध्या एक्स-रेपेक्षाही कमी असतं. सपाट टेबलावर निजायचं, पाय एका ठोकळ्यावर ठेवायचे, आणि वरून एक हात सावकाश सरकत जातो. सुई नाही, बोगद्यात जाणं नाही. पंधरा-वीस मिनिटांत होतं. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नका, आणि नुकतंच बेरियम पिऊन किंवा रंगद्रव्य टोचून एखादं स्कॅन झालं असेल तर आधी सांगा. धातूची बटणं, साखळी, पट्टा नको.

कुणी करायची? साधारणपणे ६५ वर्षांवरच्या सगळ्या स्त्रियांनी, ७० वर्षांवरच्या पुरुषांनी, आणि वरच्या कागदावर काही ठळक निघालं असेल तर त्याआधीच. टाचेवर ठेवून मिनिटात ‘हाडांची तपासणी’ करून देणारं अल्ट्रासाउंड यंत्र निदानासाठी चालत नाही. त्यात कमी आकडा आला तर डेक्सा करा. चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

रिपोर्टमध्ये टी-स्कोअर शोधा. निरोगी तरुण व्यक्तीच्या सरासरीपासून तुमची घनता किती दूर आहे, ते हा आकडा सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये ठरवलेल्या सीमा आजही चालतात: उणे १ किंवा त्याहून वर म्हणजे सामान्य, उणे १ आणि उणे २.५ यांच्या मध्ये म्हणजे ऑस्टिओपेनिया, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. आकडा उणे असल्यामुळे इथे अनेकांचा गोंधळ होतो. उणे ३ हे उणे २ पेक्षा वाईट. शेजारीच झेड-स्कोअर असतो, तो तुमच्याच वयाच्या लोकांशी केलेली तुलना. पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्ये आणि पन्नाशीच्या आतल्या पुरुषांमध्ये झेड-स्कोअर पाहायचा, टी-स्कोअर नव्हे.

आता रिपोर्टचं ते पान जवळून पाहा, जिथे कमरेच्या मणक्यांचं चित्र असतं आणि शेजारी एल-१ ते एल-४ असे चार आकडे असतात. समजा तीन मणके उणे २.८ च्या आसपास आहेत आणि चौथा एकटाच उणे १ आहे. तो मजबूत आहे असं समजू नका. बहुधा त्या मणक्याला वयानं हाडाचे काटे आले असतात किंवा तो दबून दाट दिसत असतो, आणि त्याच्यामुळे सगळ्यांची सरासरी फसवी चांगली येते. शेजारच्या मणक्यापेक्षा एका पूर्ण अंकानं वेगळा असलेला मणका हिशेबातून वगळायचा असतो. वयस्कर माणसांमध्ये म्हणूनच खुब्याचा आकडा जास्त भरवशाचा ठरतो. निदान मात्र मणके, पूर्ण खुबा आणि मांडीच्या हाडाची मान यांतल्या सर्वांत कमी आकड्यावरून होतं.

ऑस्टिओपेनिया आला म्हणून सुटलो असंही नाही. मोडणाऱ्या हाडांपैकी बरीचशी याच मधल्या पट्ट्यातल्या माणसांची असतात, कारण त्या पट्ट्यात माणसं खूप असतात. आणि टी-स्कोअर काहीही असला तरी साध्या पडण्यानं खुबा किंवा मणका मोडला असेल, तर तेवढंच निदानाला पुरेसं असतं.

पुढची डेक्सा शक्यतो त्याच यंत्रावर करा. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, आणि त्याच यंत्रावरसुद्धा दोन-तीन टक्क्यांचा फरक मोजण्याच्या चुकीत जाऊ शकतो. तेवढ्यावरून आनंदी किंवा दुःखी होऊ नका.

पायरी ३: रक्ताच्या तपासण्या

हे डॉक्टर ठरवतील, पण का करायच्या ते माहीत असावं. हाडं ठिसूळ होण्यामागे दुसरा आजार लपलेला असू शकतो. रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड एवढं तर हवंच. कॅल्शियम वाढलेलं असेल तर पॅराथायरॉइड संप्रेरक पाहतात. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन. वयस्कर माणसाचे मणके मोडलेत आणि सोबत रक्तही कमी आहे, असं असेल तर मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग नाही ना, याची खात्री करून घेतात.

पायरी ४: कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि प्रथिनं

प्रौढांना दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पन्नाशीनंतरच्या स्त्रियांना आणि सत्तरीनंतर सगळ्यांना १२००. यातलं जितकं अन्नातून येईल तितकं चांगलं. २५० मिलिलिटर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम असतं, दह्यातही जवळपास तितकंच. दूध चालत नसेल तर काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे, कॅल्शियम घालून घट्ट केलेलं टोफू, तीळ, बदाम, ब्रोकोली आणि कोबीच्या कुळातल्या हिरव्या पालेभाज्या. पालक मात्र इथे मोजू नका. त्यात कॅल्शियम असतं, पण ऑक्झलेट त्याला धरून ठेवतं आणि शरीराला त्यातलं जेमतेम वीसावा भाग मिळतो. पालक दुसऱ्या कारणांसाठी खुशाल खा.

आधी दिवसभराच्या खाण्याची बेरीज करा, मग उरलेल्या तुटीपुरतीच गोळी घ्या. गोळीच्या वेष्टनावर दोन आकडे असतात आणि तिथे फसगत होते. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं. कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं, कारण त्याला पोटातलं आम्ल लागतं. सायट्रेट कधीही चालतं, आणि ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर तेच बरं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर घेतलं तर शोषण कमी होतं, म्हणून विभागून घ्या. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी आणि काही अँटिबायोटिक्स यांच्याशीही त्याचं जमत नाही. मुतखडा होऊन गेला असेल तर स्वतःच्या मनानं गोळ्या सुरू करू नका.

ड जीवनसत्त्वाशिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. रोजची गरज ६०० ते ८०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक). ते त्वचेत उन्हानं तयार होतं, पण काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हानं होत नाही, आणि वयानं त्वचेची ही ताकद कमी होते. कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी. पण इथे अतिरेकही खूप होतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हायटल या मोठ्या अमेरिकन अभ्यासात २५ हजारांहून अधिक माणसं होती. कमतरता आहे की नाही हे न पाहता निवडलेल्या या निरोगी माणसांना रोज २००० आययू देऊनही हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं नाही. त्याआधी २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात सत्तरीवरच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख आययूचा डोस दिला, तर त्या उलट जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. दर आठवड्याला साठ हजारांची पुडी वर्षानुवर्षं, कुणी थांबवा म्हटलं नाही म्हणून घेत राहणाऱ्यांनी रक्त तपासून डॉक्टरांना विचारावं.

प्रथिनांचं कुणी नाव घेत नाही. हाडाच्या घनफळाचा जवळपास निम्मा भाग प्रथिनांचा असतो, आणि हाडाला सांभाळणारे स्नायूही त्यांच्यावरच चालतात. वयस्कर माणसांनी दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज खावीत, असं बहुतेक तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा. मीठ कमी करा, कारण जास्त मिठासोबत लघवीतून कॅल्शियमही जातं. सिगारेट सोडा. त्यात ‘थोडी चालेल’ असं काही नाही.

पायरी ५: हाडावर भार द्या

हाडावर भार पडला की हाड वाढतं, भार काढला की घटतं. अंतराळात वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का घटतं. पृथ्वीवर पाळी गेलेल्या स्त्रीला तेवढं गमवायला वर्ष लागतं. उलट टेनिस खेळाडूच्या खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा ठळकपणे जाड असतं. म्हणून ‘हाडं नाजूक आहेत, जपून बसून राहा’ हा सल्ला मायेपोटी दिला तरी घातक आहे.

पोहणं आणि सायकल हृदयाला चांगली, पण हाडावर त्यांचा भार फारसा पडत नाही. चालणं चांगलं, पण एकटं चालणं पुरत नाही. त्याला स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम हवेत, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि तोल सांभाळण्याचा सराव रोज. ऑस्ट्रेलियात लिफ्टमोर नावाचा अभ्यास झाला. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या स्त्रियांकडून आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, चांगली जड वजनं उचलून घेतली, आणि त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली. पण ते सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली, हलक्यापासून सुरू करून. नेमकं हेच घरी एकट्यानं करायला जाऊ नका. फिजिओथेरपिस्टकडून निदान पहिल्या काही वेळा शिकून घ्या.

सुरुवात अशी करता येईल. न हलणाऱ्या खुर्चीवर पुढे सरकून बसा, हात छातीवर घडी करून, हातांचा आधार न घेता उभे राहा आणि सावकाश बसा. बसताना धपकन पडू नका, उतरण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांतच मांड्या काम करतात. आठ-दहा वेळा. मग ओट्याला हात लावून टाचा उचलायच्या आणि खाली ठेवायच्या. मग एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून, सरळ रेषेत, दहा सेकंद उभं राहायचं. हात ओट्याजवळ असू द्या. जमायला लागलं की एका पायावर.

मणके ठिसूळ असतील तर काय टाळायचं हेही तितकंच महत्त्वाचं. कमरेतून पुढे गोल वाकून पायाचे अंगठे धरणं, पाठीवर निजून पोटाच्या जोरावर उठणं, वाकलेल्या पाठीनं कमरेत पीळ देणं. अशा वाकण्यानं मणक्याच्या पुढच्या कडेवर सगळा भार येतो आणि ती चेपते. योगासनं करणाऱ्यांनी आपल्या शिक्षकांना रिपोर्ट दाखवावा. पश्चिमोत्तानासन आणि हलासन यांना पर्याय मिळतात. खालची वस्तू उचलताना पाठ सरळ, वाकणं खुब्यातून आणि गुडघ्यातून, वस्तू अंगाशी. अंथरुणातून उठताना आधी पूर्ण कुशीवर वळा, पाय कडेवरून खाली सोडा आणि हाताच्या रेट्यानं बसते व्हा.

पायरी ६: पडणं टाळा

खुब्याच्या दहापैकी नऊहून अधिक मोडी पडण्यामुळे होतात, म्हणून हा भाग औषधाइतकाच मोलाचा. रात्री अंथरुणापासून संडासापर्यंतची वाट दिवा न लावता एकदा चालून पाहा. जिथे अडखळाल तिथे मंद दिवा लावा, सतरंजीची कड आणि वायर हटवा. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा बसवा. टॉवेल वाळत घालायचा दांडा धरला तर तो हातात येतो. घरातही मागून बंद, न घसरणारी पादत्राणं घाला. मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका. आणि औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे बसा: झोपेच्या गोळ्या, काही रक्तदाबाच्या गोळ्या, ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या यांनी तोल जातो. उठल्या उठल्या चक्कर येत असेल तर उभं राहून रक्तदाब मोजायला सांगा, बसून मोजलेला पुरत नाही.

पायरी ७: औषधं

हाड मोडलं असेल किंवा धोका जास्त असेल तर नुसतं खाणं आणि व्यायाम पुरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. बहुतेकांना सुरुवात बिसफॉस्फोनेट गटातल्या औषधानं होते. ॲलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा घेतात. घेण्याची पद्धत काटेकोर आहे. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. चहा नाही, दूध नाही, फळांचा रस नाही, दुसरी कुठली गोळी नाही. त्यानंतर अर्धा तास बसून किंवा उभं राहायचं, आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेला चिकटून जखम करते. खाण्यासोबत घेतली तर जवळपास काहीच शोषलं जात नाही. वर्षभर गोळी घेऊनही फरक नाही म्हणणाऱ्यांची चौकशी केली तर कारण पुष्कळदा या अर्ध्या तासातच सापडतं.

गोळी जमत नसेल तर त्याच गटातलं झोलेड्रॉनिक ॲसिड सलाईनमधून वर्षातून एकदा देतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तीन वर्षांत त्यानं मणक्यांच्या मोडी ७० टक्क्यांनी आणि खुब्याच्या ४१ टक्क्यांनी कमी केल्या. पहिल्या डोसनंतर एक ते तीन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. आधी मूत्रपिंडाचं काम आणि ड जीवनसत्त्व तपासलेलं असायलाच हवं.

डेनोसुमॅब हे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी त्वचेखाली देतात. औषध चांगलं आहे, पण त्याची एक अट सुरू करण्यापूर्वीच ऐकून घ्या: ते मध्येच सोडायचं नाही. डोस लांबला की दबलेल्या खोदणाऱ्या पेशी एकदम उसळून येतात आणि एकापाठोपाठ एक मणके मोडू शकतात. थांबवायचं असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध द्यावंच लागतं. पहिलं इंजेक्शन घेतानाच पुढच्या दोन तारखा घरातल्या दोघांच्या फोनमध्ये घाला.

धोका फारच जास्त असेल तर नवं हाड बांधणारी औषधं आहेत: टेरिपॅराटाइड, रोज टोचून घ्यायचं, साधारण दोन वर्षांपर्यंत, आणि रोमोसोझुमॅब, महिन्यातून एकदा, वर्षभर. गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल तर रोमोसोझुमॅब देत नाहीत. दोन्हींनंतर बांधलेलं हाड टिकवायला दुसरं औषध घ्यावं लागतं.

‘जबडा कुजतो’ हे ऐकून घाबरून गोळ्या सोडणारे फार आहेत. जबड्याच्या हाडाचा तो त्रास खरा आहे, पण ऑस्टिओपोरोसिसच्या डोसमध्ये तो अतिशय विरळ. कर्करोगात हीच औषधं कितीतरी मोठ्या मात्रेत देतात, तिथे त्याचं प्रमाण जास्त. औषध सुरू करण्याआधी दात तपासून घ्या, काढायचे असतील ते काढून घ्या. दुसरा विरळ त्रास म्हणजे दीर्घकाळ औषध घेतल्यावर मांडीच्या हाडाची वेगळ्या प्रकारची मोड. आधी काही आठवडे मांडीत किंवा जांघेत बोथट दुखतं. तसं दुखलं तर थांबू नका, सांगा. म्हणूनच गोळ्यांची पाच वर्षं किंवा सलाईनची तीन वर्षं झाली की औषध चालू ठेवायचं की काही काळ थांबायचं, याचा फेरविचार करतात. हा थांबा बिसफॉस्फोनेटपुरता आहे, डेनोसुमॅबला तो लागू नाही.

लगेच जायला हवं ते केव्हा

पडल्यावर पाय टेकता येत नाही, एक पाय आखूड दिसतो आणि बाहेर वळला आहे, तर खुबा मोडला असं धरून चाला. उभं करायचा प्रयत्न करू नका. शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत व्हावी लागते. पाठीत अचानक जोरात कळ येऊन पाय लुळे वाटले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच तासात रुग्णालय गाठा.

पहिल्या भेटीला काय न्यायचं

पहिल्या पायरीतला कागद. सध्याच्या सगळ्या औषधांची पाकिटं, आयुर्वेदिक आणि ताकदीच्या म्हणून घेतलेल्या गोळ्यांसकट, कारण त्यांत कधी कधी स्टेरॉइड निघतं. जुने एक्स-रे, छातीचेसुद्धा. बाजूनं काढलेल्या छातीच्या एक्स-रेत दबलेला मणका दिसून जातो. आणि आधीची डेक्सा असेल तर मणक्यांचं चित्र आणि चारही आकडे असलेल्या पानांसकट न्या, नुसता शेवटच्या ओळीतला निष्कर्ष ताडून पाहायला पुरत नाही.